नवरा आखातात, कायदा गावात

कुराणाच्या चौथ्या सूरेत ‘मुअल्लका’ असा एक शब्द येतो. अर्थ : अधांतरी टांगून ठेवलेली. एकीपेक्षा अधिक बायका असलेल्या पुरुषाला दिलेल्या ताकिदीत तो आला आहे. पुढे, नवरा जिला धड नांदवत नाही आणि धड मोकळीही करत नाही, अशा प्रत्येक स्त्रीसाठी तो वापरला जाऊ लागला. मराठीत या स्थितीला आपला शब्द आहे : टाकलेली. ऐंशीच्या दशकात संगमनेरहून निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. टाकलेली बाई कुणा एका धर्माची नसते, हे तेव्हाच महाराष्ट्राच्या लक्षात यायला हवे होते. 2011 च्या जनगणनेत घटस्फोट न होता नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रिया तेवीस लाखांच्या घरात भरल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य हिंदू होत्या.

तरीही इथे मुस्लिम कुटुंब कायद्याविषयीच लिहायचे आहे. शाहबानो निकाल 1985 चा. तेव्हापासून चाळीस वर्षे या कायद्यावर देशात जेवढी चर्चा झाली तेवढी दुसऱ्या कोणत्याही कुटुंब कायद्यावर झाली नाही. आणि ती जवळजवळ सगळी एका उच्चाराभोवती फिरली. तीनदा तलाक म्हटले तर काय होते, काय व्हावे, म्हणणाऱ्याला काय शिक्षा करावी. या काळात लाखो मुस्लिम कुटुंबांत नवरा एका देशात आणि बायको दुसऱ्या देशात अशी संसाराची रीत पडली. अशा संसारात बाईला सर्वांत मोठी इजा पुष्कळदा नवऱ्याच्या बोलण्याने होत नाही. ती त्याच्या गप्प बसण्याने होते. आपण बोलण्याचा बंदोबस्त केला. गप्प बसण्याला मोकळे रान राहिले, आणि मला भीती अशी वाटते की ते रान आता वाढत जाईल.

कोकणातली गोष्ट घेऊ. दापोली, खेड, चिपळूण, मंडणगड, वर श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातल्या मुसलमान घरांतून पुरुषाने बाहेर जाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. बोटीवर खलाशी म्हणून, मुंबईच्या गोदीत, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. 1973 नंतर तेलाच्या किमती चढल्या आणि वाट आखाताकडे वळली. गावातली नवी घरे, मशिदीची डागडुजी, मुलींच्या शाळांच्या इमारती यांत त्या पैशाचा वाटा मोठा आहे. या स्थलांतराला नुसते दुःख म्हणणे खोटेपणाचे होईल. लीला गुलाटी यांनी केरळातल्या अशा बायकांवर 1993 मध्ये पुस्तक लिहिले. नवरा दूर गेल्यावर बँकेची पायरी पहिल्यांदा चढलेल्या, घराचे बांधकाम स्वतः उभे राहून करून घेणाऱ्या, मुलांच्या शाळेचा निर्णय घेणाऱ्या स्त्रिया त्यात दिसतात. कोकणातही अशा बाया घरोघर आहेत.

पण नवराबायकोची ही ताटातूट घडते कशी, हे नीट पाहायला हवे. ती धर्माने घडवलेली नाही. आखाती देशांत कामगाराचा राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला असतो, आणि बायकोला आणायचे तर ठरावीक पगार लागतो. संयुक्त अरब अमिरातीत ही मर्यादा महिना चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायला जागा, अशी आहे. कुवेतने 2024 मध्ये ती 800 दिनार केली, म्हणजे तेव्हाच्या भावाने दोन लाख रुपयांहून जास्त. इंजिनिअर कुटुंब नेतो. ड्रायव्हर, वेल्डर, दुकानातला सेल्समन नेऊ शकत नाही. त्याचा संसार दोन वर्षांतून एकदा मिळणाऱ्या दीडदोन महिन्यांच्या सुटीत चालतो. त्याच्या बायकोचे वैवाहिक आयुष्य निकाहनाम्याइतकेच तिने कधी न पाहिलेल्या पगारपत्रकावर ठरते. इस्लामी विवाह, स्त्री आणि स्थलांतर यांवर बोलताना आपण पहिला शब्द घट्ट धरून बसतो, आणि तिसरा विसरतो.

आता असा संसार बिनसला तर? फोन कमी होत जातात. पैसे आधी दर महिन्याला, मग सणाला, मग सासूच्या हाती. सुटी पुढे ढकलली जाते. तिथे त्याने दुसरे लग्न केल्याची कुणकुण येते किंवा येतही नाही. तो तलाक देत नाही. त्याला गरज काय? बाई सासरी राहिली तर त्याच्या आईबापांचे करते, माहेरी गेली तर खर्च सुटतो. तिच्यासाठी मात्र आयुष्य तिथेच थांबते. पुनर्विवाह नाही, पोटगी नाही, मुलाच्या पासपोर्टच्या अर्जावर बापाची सही मिळवायची तर विनवण्या.

बेपत्ता नवऱ्याचा प्रश्न इस्लामी कायद्याला नवा नाही. हनफी परंपरेत अशा स्त्रीने नवऱ्याच्या वयाची माणसे मरेपर्यंत थांबावे असे होते; एका मताप्रमाणे तो नव्वद वर्षांचा झाला असता तोवर. मालिकी परंपरेने मात्र चार वर्षांची मुदत घातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः पंजाबात, अडकलेल्या काही बायका सुटकेसाठी धर्म सोडू लागल्या, कारण धर्म सोडला की विवाह मोडला असे न्यायालये धरत. या घटनांनी उलेमा हादरले. देवबंदच्या परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी 1930 च्या दशकात ‘अल-हीलत अन्-नाजिझा’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि या बाबतीत हनफींनी मालिकी मत स्वीकारावे असा मार्ग काढला. ज्यांना आज कर्मठ म्हटले जाईल अशा विद्वानाने स्त्रियांची घुसमट पाहून दुसऱ्या पंथाचा नियम घेतला. शरियत तसूभर हलत नाही असे म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंनी, तिच्या रक्षकांनी आणि तिच्या विरोधकांनी, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्यातून 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. आजही मुस्लिम स्त्रीच्या हातातले ते मुख्य हत्यार आहे. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नाही, दोन वर्षे पोषण केले नाही, तीन वर्षे वाजवी कारणाविना वैवाहिक कर्तव्ये पाळली नाहीत, अशी कारणे त्यात आहेत. बेपत्ता नवऱ्याच्या खटल्यात त्याचा चुलता आणि भाऊ यांनाही पक्षकार करावे लागते. निकाल लागल्यावर तो सहा महिने थांबून राहतो. त्या मुदतीत नवरा उगवला आणि नांदवायला तयार आहे अशी न्यायालयाची खात्री पटवली, तर निकाल रद्द. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणता माणूस होता ते यावरून दिसते. घर सोडून गेलेला, पत्र नसलेला, बहुधा मेलेला.

आखातातला नवरा तसा नाही. त्याचा ठावठिकाणा सगळ्या गावाला ठाऊक आहे. तो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ऑनलाइन’ दिसतो. वर्षातून एकदा पाच हजार रुपये पाठवतो, म्हणजे पोषण केलेच नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. आणि नोकरीसाठी परदेशी असणे हे ‘वाजवी कारण’ नाही असे कोणता न्यायाधीश सहज म्हणेल? 1939 च्या कायद्याने बेपत्ता नवरा ओळखला होता. ठिकाणा माहीत असून हाती न लागणारा नवरा त्याच्या कल्पनेत नव्हता. बाईने दावा घातला तरी समन्स दोन देशांच्या सरकारी खात्यांतून फिरत जाते. तोवर त्याने मालक बदलला, शहर बदलले, की पुन्हा पहिल्यापासून.

22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तत्काळ तिहेरी तलाक अवैध ठरवला. तो निकाल योग्यच होता. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला होता. तोंडी तलाकबंदी ही त्यांची मागणी पूर्ण व्हायला एकावन्न वर्षे लागली, याची खंत आपल्याला वाटली पाहिजे. माझी हरकत त्यानंतरच्या 2019 च्या कायद्याला आहे. तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही मार्गाने दिलेला तत्काळ तलाक या कायद्याने निरर्थक ठरवला आणि तो देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली.

याचा आखाती संसारावर काय परिणाम होतो ते पायरीपायरीने पाहा. नवऱ्याने दोह्याहून संदेश पाठवला. कायद्याप्रमाणे तो निरर्थक, म्हणजे बाई अजून त्याची बायको आहे. पूर्वी गाव तिला तलाकशुदा मानून तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार तरी करायचे. आता गावाच्या लेखी ती सुटलेली आणि कायद्याच्या लेखी बांधलेली. निर्वाह भत्ता मागण्याचा हक्क कायदा देतो, पण भत्ता देणारा समुद्रापलीकडे. फौजदारी तक्रार केली तर तो सुटीवर येणेच बंद करतो, आणि उरलासुरला पैसाही थांबतो. सगळ्यांत वाईट हे की चतुर माणसाने यातून एक धडा घ्यायचा तो घेतला. उच्चारले तर गुन्हा. न उच्चारता टाकून दिले तर कसलाच गुन्हा नाही. तलाकची संख्या घटली म्हणून समाधान मानण्याआधी, त्या घटीतला किती भाग मुअल्लकांच्या संख्येत जमा झाला हे कुणी मोजते आहे का?

आकडे नसतात असे नाही. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने 2015 मध्ये दहा राज्यांतल्या 4,710 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातल्या 525 घटस्फोटितांपैकी सुमारे 66 टक्के स्त्रियांना तोंडी तलाक मिळाला होता, साडेसात टक्क्यांच्या आसपास स्त्रियांना पत्राने आणि सुमारे साडेतीन टक्क्यांना फोनवरून. ईमेल आणि एसएमएसने सोडलेल्या मोजून चारदोन. वर्तमानपत्रांनी मात्र एसएमएसचीच बातमी केली. पाहणीचा मुख्य निष्कर्ष न्याय्य होता. माझे लक्ष दुसरीकडे जाते. ही मोजणी घटस्फोट झालेल्यांची आहे. ज्यांचा झालाच नाही, त्या बायका कोणत्या रकान्यात बसतात? विवाहित.

मानवशास्त्रज्ञांचे काम इथे उपयोगी पडते, कारण ते ग्रंथ बाजूला ठेवून बाकावर जाऊन बसतात. झीबा मीर-होसैनी यांनी इराण आणि मोरोक्कोच्या कुटुंब न्यायालयांत बसून बायका कायद्याशी कशा झुंजतात ते टिपले. सिल्व्हिया वाटुक यांनी चेन्नई आणि हैदराबादच्या कुटुंब न्यायालयांतली प्रकरणे वर्षानुवर्षे अभ्यासली. कॅथरिन लेमन्स यांनी दिल्लीच्या दारुल-कझांत, म्हणजे शरियतप्रमाणे निवाडा देणाऱ्या काझींच्या न्यायपीठांत, काय चालते ते 2019 च्या पुस्तकात मांडले. या सगळ्यांतून पुढे येणारे चित्र आपल्या टीव्हीवरच्या चर्चेला उलटे करणारे आहे : न्यायालय असो की दारुल-कझा, उंबरठा झिजवणाऱ्यांत मोठी संख्या सुटका मागणाऱ्या बायकांची. तलाकपासून वाचवा म्हणणाऱ्या बायका असतातच; पण कुणीतरी मोकळे करा म्हणणाऱ्यांची रांग तितकीच लांब, काही ठिकाणी अधिक लांब.

ब्रिटनमध्ये हेच ठळक दिसते. लंडनच्या लेटन भागात 1982 मध्ये पहिली शरिया कौन्सिल निघाली. 2018 मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीला असे आढळले की या कौन्सिलांकडे येणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत, आणि त्या येतात धार्मिक घटस्फोटासाठी. याचे मूळ स्थलांतरात आहे. मशिदीत किंवा हॉलमध्ये निकाह होतो, सरकारी नोंद राहून जाते. एका जोडप्याचा निकाह 1998 मध्ये लंडनच्या एका रेस्टॉरंटात झाला. चार मुले झाली, मधली काही वर्षे दुबईत गेली, तिथे ते नवराबायको म्हणूनच राहिले. अठरा वर्षांनी बाईने घटस्फोट मागितला तेव्हा नवऱ्याचे उत्तर होते की इंग्लंडच्या कायद्याने आपला विवाह झालेलाच नाही. उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बाईला थोडा आधार दिला. अपील न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये तो काढून घेतला. तीच स्त्री एका विमानतळावर पत्नी आणि दुसऱ्या विमानतळावर कुणीच नाही. या खटल्यात तिला कोणत्या मौलवीने नाकारले नव्हते; तिला नाकारणारा कायदा पूर्णपणे इहवादी होता.

समान नागरी कायद्याकडे डोळे लावून बसलेल्यांना मला हे आवर्जून सांगावेसे वाटते. स्त्री-पुरुषांना समान हक्क देणाऱ्या कायद्याच्या मी बाजूचा आहे. उत्तराखंडचा 2024 चा कायदा विवाहनोंदणी सक्तीची करतो, राज्याबाहेर राहणाऱ्या रहिवाशांनाही लागू होतो. हा विचार झाला हे चांगलेच. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून सर्व धर्मीयांना दिवाणी नोंद लागते, त्यामुळे लंडनच्या त्या बाईसारखी ‘लग्न झाले की नाही’ ही पाळी गोव्याच्या मुस्लिम स्त्रीवर सहसा येत नाही. महाराष्ट्रातही 1998 चा नोंदणी कायदा आहेच. पण नोंद म्हणजे पुराव्याची सोय. समुद्र ओलांडून पैसे आणण्याची, नवऱ्याला उत्तर द्यायला लावण्याची सोय नोंदीत नाही. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक फेब्रुवारी 2019 मध्ये राज्यसभेत मांडले गेले. समन्स वेबसाइटवरून बजावणे, पासपोर्ट जप्त करणे अशा तरतुदी त्यात होत्या. ते पुढे सरकले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगाने आपल्या 287 व्या अहवालात याच विषयावर सर्वसमावेशक कायदा सुचवला. त्याच वर्षी तिहेरी तलाकचा कायदा निवडणुकीच्या भाषणांत गाजत होता, या अहवालाचे नाव मात्र किती सभांत निघाले? ज्या एका कायद्याने पंजाबची शीख वधू, आंध्रची हिंदू वधू आणि खेडची मुस्लिम वधू यांना एकत्र दिलासा मिळेल, तो कुणाला घाईचा वाटत नाही. कुणा एका समाजाकडे बोट दाखवता येत नाही म्हणूनच तो घाईचा वाटत नसावा, असे मला खेदाने म्हणावे लागते.

मोरोक्कोने वेगळा रस्ता धरला. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये लाखो मोरोक्कन राहतात. 2004 मध्ये तिथला कुटुंब कायदा, मुदव्वना, बदलला तेव्हा परदेशी स्थानिक पद्धतीने केलेला विवाह कोणत्या अटींवर मान्य होईल आणि तीन महिन्यांत त्याची प्रत वकिलातीत कशी द्यायची, हे कायद्याच्या कलमांतच लिहिले गेले. त्या सुधारणेत उणिवा राहिल्या, अल्पवयीन विवाहाला पळवाट राहिली. पण आपले लोक दोन देशांत जगतात ही गोष्ट कायद्याने मान्य केली.

आणि आता जमातींविषयी, म्हणजे गावोगावच्या मुसलमानांच्या संघटनांविषयी. कोकणातल्या कित्येक गावांच्या जमातीच्या शाखा मुंबईत आहेत, आखातातही आहेत. वर्गणी तिथून येते. म्हणजे रत्नागिरीच्या न्यायालयाचा कागद जिथे वर्षभर पोचत नाही तिथे जमातीच्या सेक्रेटरीचा फोन एका संध्याकाळी पोचतो. एवढे बळ दुसऱ्या कुणाकडे नाही. पण जमातीत निर्णयाला बसतात ते पुरुष, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो पुष्कळदा मोठा देणगीदार. मशिदीच्या मिनाराला पैसे देणाऱ्याला बायकोचा खर्च विचारायला जीभ रेटत नाही. हे असेच चालू राहिले तर मुली जमातीकडे पाठ फिरवतील आणि तेव्हा बाहेरच्या कायद्याने आमच्यात ढवळाढवळ केली अशी तक्रार करण्याचा हक्क जमातीला उरणार नाही.

कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. भारतातल्या बहुसंख्य मुसलमानांचा पंथ हनफी आहे, म्हणून दिल्ली-लखनौच्या वादात कोकणाचे हे वेगळेपण विसरले जाते. इंडोनेशियाही शाफई आहे. तिथे निकाहानंतर नवरदेव ‘तालिक तलाक’ नावाचे एक वचन देतो. ते विवाहाच्या सरकारी पुस्तिकेच्या शेवटी छापलेले असते. 1990 च्या नमुन्यात चार गोष्टी आहेत : सलग दोन वर्षे बायकोला सोडून जाणे, तीन महिने खर्च न देणे, तिला शारीरिक इजा करणे, सहा महिने तिची दखलच न घेणे. यांपैकी काहीही घडले, तिने धार्मिक न्यायालयात तक्रार केली, ती मान्य झाली आणि तिने नाममात्र रक्कम भरली, की एक तलाक आपोआप लागू होतो. नवऱ्याची सही लागत नाही. तो कुठल्या देशात आहे हे विचारावे लागत नाही. हे वचन देण्याची कायद्याने सक्ती नाही, पण एकदा दिले की मागे घेता येत नाही. ही चाल जावामध्ये सतराव्या शतकापासून असल्याचे सांगतात, मोहिमेवर गेलेल्या पुरुषांच्या बायकांसाठी निघालेली.

आपल्याकडे निकाहाची नोंदवही प्रत्येक जमातीची स्वतःची असते, गावच्या काझीच्या किंवा सेक्रेटरीच्या कपाटात. तिच्यात वधूवरांची, वलीची म्हणजे वधूच्या पालकाची, साक्षीदारांची नावे, मेहेरची रक्कम, तारीख, सह्या. त्याखाली अशा वचनाच्या चार ओळी वाढवायला संसदेत जावे लागत नाही, दिल्लीच्या मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची परवानगी लागत नाही, पंथही आड येत नाही. येत्या मे महिन्यात आखातातली मुले सुटीवर येतील, नेहमीप्रमाणे एकेका गावात लग्नांचा हंगाम लागेल, आणि ती वही प्रत्येक मांडवात उघडली जाईल.